शेतकरी कुटुंबांचें मनःस्वास्थ्य आणि सहकारी संस्थांचें कर्तव्य

पिकावर कीड पडली तर ती कोणती आणि तिजवर कोणतें औषध किती पाण्यांत घालून फवारावें, हें आमच्या शेतकरी बंधूंस आतां सांगावें लागत नाहीं. बैल चारा सोडून उभा राहिला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां ते गुरांच्या डॉक्टरांस बोलावितात. परंतु त्याच घरांतील वीस वर्षांचा मुलगा दोन दोन महिने पानावरून अर्धपोटीं उठतो, रात्रभर जागा असतो व चार माणसांत येण्याचें टाळतो, तेव्हां त्यास आपण आळशी म्हणतों आणि स्वस्थ बसतों. सुनेनें बोलणें सोडलें तर तो तिचा तोरा ठरतो. कर्त्या पुरुषाचें पिणें वाढलें तर त्याच्या नशिबास बोल लावून सर्वजण मोकळे होतात. शेतकीच्या मासिकांत हा विषय कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु जमीन, पाणी, बीं व खत यांची मोजदाद करणाऱ्या आमच्या संस्थांनीं ती जमीन कसणाऱ्या माणसाच्या मनाची विचारपूस आजवर केलेली नाहीं, आणि ती करण्याची वेळ आली आहे, असें आमचें नम्र मत आहे.

आम्ही वैद्य नाहीं आणि मानसशास्त्राचे पंडितहि नाहीं. आमचें शिक्षण मराठी शाळेंत झालें व उमेदीचीं वर्षें महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलीं. त्या कामांत शेतकरी आत्महत्येच्या मदतीचीं प्रकरणें आमच्या हाताखालून गेलीं. इ. स. २००६ च्या शासननिर्णयानें पात्र कुटुंबास एक लाख रुपये देण्याचें ठरलें. त्यांपैकीं तीस हजार रोख व सत्तर हजार ठेवीच्या रूपानें. पात्रता ठरवावयाची तर जमीन कोणाच्या नांवें, कर्ज कोणत्या बँकेचें वा संस्थेचें, थकबाकी किती, वसुलीचा तगादा होता कीं नाहीं, हें सर्व पाहावें लागतें. सातबारा, कर्जाचा दाखला, पंचनामा, जबाब, असें सारें कांहीं त्या प्रकरणांत असतें. गेल्या सहा महिन्यांत त्या माणसाशीं कोणी मोकळेपणीं बोललें होतें काय, त्यास झोप लागत होती काय, घरच्यांस काय दिसलें होतें, असा एकहि रकाना आमच्या पाहण्यांत आला नाहीं. त्यांत नमुना तयार करणाराचा दोष नाहीं. तो नमुना माणूस गेल्यानंतर मदत वाटण्यासाठीं केलेला आहे. हा दुसरा रकाना माणूस हयात असतांनाच भरावा लागतो, आणि तो कचेरींत बसून भरतां येत नाहीं. तो शेजाऱ्यानेंच भरावयाचा असतो.

आतां थोडे आंकडे पाहूं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत महाराष्ट्राचा आंकडा २२,७४६ असून तो सर्व राज्यांत अधिक होता. शेतीवर पोट असणारे ११,२९० होते. त्यांपैकीं ५,२०७ शेतकरी व ६,०८३ शेतमजूर. मजुरांचा आंकडा शेतकऱ्यांहून मोठा आहे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. कारण ज्याच्या कुटुंबाच्या नांवें सातबारा नाहीं त्याचें प्रकरण मदतीच्या बासनांत येतच नाहीं. त्याच वर्षीं १३,०४४ विद्यार्थी आणि पंचवीस हजारांवर गृहिणी ह्या मार्गानें गेल्या. त्यांच्याहि नांवें बहुधा सातबारा नसतो आणि कर्जहि नसतें. म्हणजे मनाचें दुखणें कर्जदार खातेदारापुरतें आहे, असें मानून चालणार नाहीं. तें घरांतील तरुणांस, स्त्रियांस व मजुरांसहि आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल कीं, "मालाला भाव द्या, पाणी द्या, कर्जाचा डोंगर उतरवा, म्हणजे मन आपोआप ठिकाणावर येईल. हें समुपदेशन म्हणजे उपाशी माणसास उपदेश." ह्या आक्षेपांत तथ्य आहे, आणि तें नाकारण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. भावाची, विम्याची व पाण्याची मागणी आपण सोडतां कामा नये. जो कोणी ती सोडण्यासाठीं मनःस्वास्थ्याचें निमित्त पुढें करील त्यास आपण साफ नकार द्यावा. परंतु त्याबरोबरच दोन गोष्टींचा विचार व्हावा. ज्याचें मन खचलें आहे त्यास आपले हक्कहि मिळवितां येत नाहींत. पीकविम्याची सूचना मुदतींत देणें, कर्जाचें पुनर्गठन मागण्यासाठीं बँकेंत जाणें, अनुदानाचा अर्ज भरणें, हीं कामें करण्याइतकें त्राण त्याच्या अंगीं उरलेलें नसतें. तो कागद उशाखालीं ठेवून निजून राहतो, आणि कर्ज होतें त्याहून वाढतें. दुसरें असें कीं, भाव मिळण्यास वर्षें लागतील. शेजारच्या घरांतील माणूस तोंवर थांबेलच असें नाहीं.

तरुणांची अडचण निराळी आहे. १९७०-७१ च्या कृषिगणनेंत महाराष्ट्रांत दर खातेदारामागें सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होतें. २०१५-१६ च्या गणनेंत तें १.३४ हेक्टर भरलें. फेरफाराच्या नोंदी लिहितां लिहितां ही विभागणी आम्हीं प्रत्यक्ष पाहिली आहे. एवढ्याशा तुकड्यावर तीन भावांचे संसार चालणार नाहींत हें बापासहि कळतें, म्हणून तो मुलास म्हणतो, "तूं शीक आणि बाहेर पड." मुलगा शहरांत खोली घेऊन चार चार वर्षें स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करितो. जागा थोड्या आणि उमेदवार असंख्य. वयाची मर्यादा संपत आली म्हणजे तो गांवीं परत येतो. तेव्हां औताची संवय सुटलेली असते व कचेरींतील खुर्चीहि मिळालेली नसते. सोयरीक पाहूं गेल्यास मुलीकडील मंडळी पहिला प्रश्न नोकरीचा विचारतात, आणि शेती करणारा मुलगा नको असें तोंडावर सांगतात. असा मुलगा पारावर बसून मोबाइल पाहत राहिला तर त्यास सर्व गांव नांवें ठेवितें. त्याच्या मनांत काय चाललें आहे हें विचारणारा मात्र कोणी भेटत नाहीं.

मुलींचें दुःख याहून मुकें असतें. शिक्षण अर्ध्यांत थांबतें, लग्न होतें, लौकरच मूल होतें, आणि बाळंतपणानंतर तिला कारणावांचून रडें येऊं लागलें तर घरांतील वडील बायका, "आम्हांला काय मुलें झालीं नाहींत?" असें म्हणून तिला गप्प बसवितात. बाळंतपणानंतरचें हें औदासीन्य वैद्यकांत नांव असलेला व उपचारानें बरा होणारा आजार आहे. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेलें अनुमान असें आहे कीं, मानसिक विकारांपैकीं सुमारें निम्म्यांचा आरंभ वयाच्या १८ वर्षांच्या आंतच होतो. रोपावस्थेंत पडलेल्या रोगाकडे दुर्लक्ष करून कापणीच्या वेळीं उपाय शोधणारा शेतकरी शहाणा म्हणविला जात नाहीं.

प्रत्येक उदास चेहरा आजारी असतो असें मात्र समजूं नये. पीक बुडालें किंवा जवळचें माणूस गेलें असतां दुःख होणें हें निरोगी मनाचेंच लक्षण आहे. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळ जवळ दिवसभर मन खिन्न राहिलें, आवडीच्या गोष्टींत रस उरला नाहीं, झोप व भूक बिघडली, अंगांत शक्ति राहिली नाहीं, आणि "माझा कोणाला कांहीं उपयोग नाहीं" असे उद्गार निघूं लागले, तर तो आजार समजून त्याची दखल घ्यावी. आमच्या भाषेंत त्यास जुने शब्द आहेत. अमक्यानें हाय खाल्ली, तमक्यास घोर लागला, असें आपण सहज म्हणतों. म्हणजे रोग आपल्या वाडवडिलांसहि ठाऊक होता; त्यावर उपचार आहे, एवढेंच त्यांस ठाऊक नव्हतें.

उपचार आहे तर माणसें दवाखान्यांत कां जात नाहींत? ह्याचें एक उत्तर लाजेंत आहे आणि दुसरें अंतरांत. केंद्र सरकारनें १९८२ सालीं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. पुढें कर्नाटकांत बळ्ळारी जिल्ह्यांत बंगलोरच्या निम्हान्स संस्थेनें हे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रांतून देण्याचा प्रयोग केला, आणि त्या नमुन्यावर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला. तरीहि त्याच संस्थेनें २०१५-१६ सालीं केलेल्या राष्ट्रीय पाहणींत १८ वर्षांवरील लोकांत मानसिक विकारांचें प्रमाण १०.६ टक्के आढळलें, आणि विकारपरत्वें त्यांतील ७० ते ९२ टक्के माणसें उपचारावांचून असल्याचें दिसलें. त्या पाहणींत मानसोपचार तज्ज्ञांची संख्या मध्यप्रदेशांत लाख लोकांमागें ०.०५ व केरळांत १.२ अशी होती. महाराष्ट्रांत ठाणें, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथें जुनीं सरकारी मनोरुग्णालयें आहेत. पण कोपऱ्यांतल्या खेड्यांतून तेथवर जावयाचें म्हणजे मजुरी बुडवून, एस. टी. बदलून, आणि वर "वेड्यांच्या इस्पितळांत गेला" असा शिक्का घेऊन परत यावयाचें. तज्ज्ञांची संख्या एका पिढींत दसपट होईल हें संभवत नाहीं. म्हणून तज्ज्ञांच्या अलीकडे, गांवांतच, एक पायरी बांधली पाहिजे.

अशी पायरी बांधतां येते ह्याचे दाखले आहेत. आफ्रिकेंतील झिंबाब्वे देशाची राजधानी हरारे येथें डॉ. डिक्सन चिबांडा ह्यांनीं २००६ सालीं आरोग्यकेंद्राबाहेर एक बांक ठेविला व त्यावर वस्तींतील शिकविलेल्या आज्या बसविल्या. तेथील शोना भाषेंत मनाच्या ह्या दुखण्यास जो शब्द आहे त्याचा अर्थ "अति विचार करणें" असा होतो. आज्यांनीं तोच शब्द वापरला. डॉक्टरी नांवें सांगितलीं नाहींत. पुढें २४ आरोग्यकेंद्रांत ५७३ रुग्ण घेऊन रीतसर तुलना झाली. तिचा निकाल २०१६ सालीं प्रसिद्ध झाला, आणि बांकावर बसलेल्या रुग्णांस सहा महिन्यांनीं इतरांपेक्षां बराच अधिक आराम पडल्याचें दिसलें. आमच्या शेजारीं गोव्यांत "संगात" ह्या संस्थेनें डॉक्टर नसलेल्या शिक्षित माणसांकडून असेंच काम करविलें. त्याचा निकाल २०१० सालीं आला. सरकारी आरोग्यकेंद्रांत येणाऱ्या रुग्णांस गुण स्पष्ट आला. खासगी दवाखान्यांत फरक दिसला नाहीं. हा दुसरा अर्धा भागहि आम्ही मुद्दाम सांगतों, कारण जें बियाणें प्रत्येक जमिनींत येतें म्हणून विकलें जातें त्यावर शेतकऱ्यानें विश्वास ठेवूं नये.

विदर्भांत अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत "विश्राम" नांवाचा प्रयोग झाला व त्याचें फलित २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. गांवांतील शिकविलेले कार्यकर्ते, त्यांच्यावर समुपदेशक आणि त्यांच्यावर डॉक्टर अशी ती उतरंड होती. आरंभीं औदासीन्यानें ग्रासलेल्यांपैकीं ४.३ टक्के माणसें कोठें तरी मदत मागत होतीं. दीड वर्षानंतर तें प्रमाण २७.२ टक्के झालें. जीव देण्याचे विचार मनांत आल्याचें सांगणारांचें प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलें. ही पाहणी आधींची व नंतरची अशी आहे, शेजारच्या गांवांशीं तुलना करून केलेली नाहीं, म्हणून सर्व सुधारणा त्याच कारणानें झाली असें छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं. परंतु मदत मागणारे सहापट झाले, ही गोष्ट खेड्यांतील माणूस बोलत नाहीं असें म्हणणारांस पुरेसें उत्तर आहे. नाशिक जिल्ह्यांत सुरू झालेलें "आत्मीयता" हें काम पुढें गुजराथेंत मेहसाणा जिल्ह्यांतील शेंकडों गांवांत पसरलें; तें पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्रानें चालविलें आहे.

हा शिकविलेला शेजारी करितो काय, तें सांगितलें पाहिजे; नाहीं तर हें सर्व गूढ वाटेल. तो चार ते सहा वेळां, आठ-पंधरा दिवसांच्या अंतरानें, त्या माणसास भेटतो. पहिल्या भेटींत तो मुख्यतः ऐकतो, मध्यें तोडत नाहीं, उपदेश करीत नाहीं, आणि "एवढ्याशा गोष्टीचें काय मनावर घेतोस?" असें म्हणत नाहीं. पुढें दोघे मिळून अडचणींची यादी करितात व तींतील जी सुटण्याजोगी असेल ती प्रथम हातीं घेतात. आवडीचें व अंगमेहनतीचें जें काम सुटलें असेल तें थोडें थोडें पुन्हां सुरू करवितो. सकाळीं मळ्यापर्यंत फेरी, भजनास जाणें, गाईची धार काढणें, एवढेंहि पुरतें. विधवेचें निवृत्तिवेतन, शिधापत्रिका, पीककर्ज अशा कामांत कागद भरण्यास मदत करितो. ज्यास भास होत असतील, जो कित्येक दिवस जेवला-झोपला नसेल, किंवा जो जीव देण्याची भाषा करीत असेल, त्यास एकटें न सोडतां त्याच दिवशीं दवाखान्यांत घेऊन जातो. आत्महत्येविषयीं विचारलें म्हणजे तो विचार डोक्यांत शिरतो, हा समज चुकीचा आहे. मायेनें व सरळ विचारल्यास मनावरील ओझें उतरतें, असें ह्या विषयांतील जाणते सांगतात.

दुसरा आक्षेप अब्रूचा. "गांवांत कोणास सांगितलें कीं संध्याकाळीं चावडीवर चर्चा!" ही भीति रास्त आहे, आणि सर्व योजना ह्याच एका गोष्टीवर तरेल वा बुडेल. म्हणून माणसें निवडतांना शिक्षण व हुद्दा न पाहतां, पोटांत गोष्ट कोणाच्या राहते हें पाहावें. सावकारी करणारा, पक्षाचा पुढारी, संस्थेचा वसुली कारकून, ह्यांस ह्या कामांत घेऊं नये. स्त्रियांसाठीं स्त्रीच असावी. तरुणांकरितां त्यांच्या वयाजवळचें माणूस असावें. शिक्षकांवरच हें ओझें टाकूं नये. बिहारमध्यें नालंदा जिल्ह्यांतील ७४ शाळांत एकच कार्यक्रम कोठें शिक्षकांकडून व कोठें त्यासाठींच नेमलेल्या गांवच्या माणसांकडून चालविला गेला. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निकालांत दुसऱ्या प्रकारच्या शाळांतील वातावरण व मुलांचें मन सुधारल्याचें दिसलें. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत कांहीं फरक पडला नाहीं. ज्याच्या हातांत गुण देण्याची लेखणी असते त्यापाशीं मूल मन मोकळें करीत नाहीं.

तिसरी भीति पोलिसांची. आपल्याकडे असा प्रसंग घडला तर तो दाबून टाकण्याची रीत आहे, कारण खटला होईल असें लोकांस वाटतें. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलांत आहे. त्याच्या कलम ११५ प्रमाणें, असा प्रयत्न करणारी व्यक्ति तीव्र ताणाखालीं होती असें, विरुद्ध शाबीत होईपर्यंत, गृहीत धरावयाचें आहे व तिजवर खटला भरावयाचा नाहीं. तिची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन हें सरकारचें कर्तव्य ठरविलें आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत जुन्या दंडसंहितेचें कलम ३०९ घेतलेलें नाहीं. सरकारी नोकरावर दडपण आणण्यासाठीं केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा ठेविला आहे. तेव्हां माणूस लपविण्याचें कारण उरलेलें नाहीं. त्यास ताबडतोब दवाखान्यांत न्यावें, आणि घरीं परत आल्यावर त्याच्याकडे बोट न दाखवितां त्यास जवळ करावें.

देवऋषी व अंगाऱ्याधुपाऱ्याविषयीं आमचें म्हणणें थोडक्यांत सांगतों. माणसाच्या श्रद्धेची टवाळी करून तो दवाखान्यांत येत नाहीं. मेहसाणा जिल्ह्यांतील उनावा येथें मीरा दातार दर्ग्याच्या आवारांतच डॉक्टर बसविले गेले, व दुवा आणि दवा दोन्ही एका जागीं मिळूं लागल्या. आपल्याकडेहि देवास नवस जरूर बोलावा. पण मारहाण, उपास व कोंडणें ह्यांस थारा देऊं नये, आणि गोळी चुकवूं नये.

आतां एक कटु गोष्ट. आमच्यासारख्या अनेक संस्था कीटकनाशकें विकतात. संकटाच्या घटकेस जें सहज हातीं लागतें त्यावर माणसाचें जगणें-मरणें पुष्कळदां अवलंबून असतें, कारण ती घटका बहुधा टळून जाणारी असते. श्रीलंकेनें अतिविषारी कीटकनाशकांवर १९९० नंतर टप्प्याटप्प्यानें बंदी घातली. १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचें प्रमाण सुमारें ७० टक्क्यांनीं उतरलें, आणि त्या बंदीमुळें पीक घटल्याचेंहि आढळलें नाहीं. त्याच देशांत घरोघर कुलपाच्या पेट्या वाटून पाहिल्या, पण २०१७ सालच्या निकालांत त्या पेट्यांचा उपयोग झाल्याचें दिसलें नाहीं. घरांतली किल्ली घरांतच असते. तामिळनाडूंत कडलूर जिल्ह्यांत औषधें घराबाहेर, सामायिक कोठारांत, ज्याच्या त्याच्या खणांत ठेवण्याचा लहान प्रयोग झाला व तो शेतकऱ्यांस मानवला. ह्यावरून आमच्या भांडारानें बोध घ्यावा. अतिविषारी माल ठेवूं नये, एका फवारणीस लागेल तेवढाच माल एका वेळीं द्यावा, आणि गोदामांत सामायिक खण करावे. विक्री थोडी घटेल. ती घट सोसण्याची आमची तयारी असली पाहिजे.

सारांश, येत्या वार्षिक सभेपुढें आम्ही पुढील सूचना ठेवूं इच्छितों. प्रत्येक गांवामागें एक पुरुष व एक स्त्री अशीं दोन माणसें निवडावीं. त्यांच्या शिक्षणाची व वरचेवर देखरेखीची मागणी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे संस्थेनें लेखी करावी. राज्य सरकारनें २०१५ सालीं १४ जिल्ह्यांसाठीं "प्रेरणा प्रकल्प" काढून आशा सेविकांमार्फत घरोघर विचारपूस करण्याची योजना केली. आशा सेविकांवर आधींच कामाचा भार फार आहे, म्हणून आमचीं माणसें त्यांच्या मदतीस असावीं, त्यांच्या जागीं नसावीं. गोदामाची एक खोली आठवड्यांतून दोन दिवस ह्या कामास द्यावी, आणि तिच्या दारावर मनोरोगाची पाटी लावूं नये. तेथें अर्ज भरण्यास मदत मिळते एवढेंच लिहावें, म्हणजे येणारास संकोच होणार नाहीं. वसुलीच्या नोटिशीबरोबर पुनर्गठनाची माहिती व मदतीच्या माणसाचें नांव असलेला कागद जोडावा. कोणाचें नांव कोणत्याहि वहींत लिहूं नये. किती माणसें आलीं व किती दवाखान्यांत पाठविलीं एवढाच आंकडा वर्षाअखेर सभेस सांगावा. खर्च म्हणाल तर जाण्यायेण्याचें भाडें, शिक्षणाच्या दिवसांची बुडालेली मजुरी आणि चहापाणी. आमच्या अंदाजानें एका गांवामागें वर्षास एका चांगल्या फवारणी पंपाच्या किंमतीहून तो अधिक होणार नाहीं, आणि नफ्यांतून सभेच्या मंजुरीनें तो सहज भागेल.

सभेपर्यंत थांबण्याचें मात्र कारण नाहीं. घरांत ज्याचें बोलणें कमी झालें आहे त्याच्याजवळ आज रात्रीं जेवणानंतर बसावें, व परीक्षा, लग्न आणि कर्ज हे तीन विषय बाजूस ठेवून त्याचें ऐकावें. घरांतील औषधांचे डबे घराबाहेर कुलपांत न्यावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनि सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती अहोरात्र व विनामूल्य आहे, आणि तेथें मराठींत बोलतां येतें. हा क्रमांक पंचांगाच्या शेजारीं भिंतीवर लिहून ठेवावा.

आमच्या संस्थेच्या सभासदांपैकीं एकाचेंहि खातें यापुढें वारसाच्या नांवें अकालीं करावें लागूं नये, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. वारसाची नोंद करण्याचें काम आम्हीं पुष्कळ वर्षें केलें. जमीन वारसाच्या नांवें होते, कर्जहि होतें. गेलेलें माणूस मात्र कोणत्याहि फेरफारानें परत येत नाहीं. सूज्ञ सभासद बंधुभगिनींनीं ह्या सूचनांचा शांतपणें विचार करून त्या सभेंत मांडाव्या, त्यांतील उणीव दाखवावी, आणि जेवढें पटेल तेवढें ह्याच वर्षीं सुरू करावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.